बायपास किंवा वॉल्व्हच्या ऑपरेशननंतर जखम चिघळू नये म्हणून : काय करायचं, कधी आणि कोणत्या क्रमाने

हार्ट सर्जरी म्हटलं की घरच्यांचं सगळं लक्ष ऑपरेशनच्या त्या काही तासांवर आणि आयसीयूतल्या दिवसांवर असतं. पेशंट घरी आला की सगळे सुस्कारा सोडतात, आणि जखमेचा संसर्ग बहुतेकदा त्यानंतरच डोकं वर काढतो. छातीच्या हाडापर्यंत गेलेला खोल संसर्ग साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लक्षात येतो, म्हणजे डिस्चार्जनंतर. त्याची बीजं पुष्कळदा ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यात पडलेली असतात : चढलेली साखर, न सुटलेली सिगरेट, दुर्लक्षित दाढ, काखेतलं गळू. थोडक्यात, घरचे ढिले असतात ते दोन्ही काळ सगळ्यांत महत्त्वाचे. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. तुमच्या सर्जनने यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण पेशंट त्यांनी पाहिलाय.

सुरुवातीला दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली : जखम एक नसते. छातीवर मधोमध उभा छेद असतो. त्याच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात, ड्रेनच्या (आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या) नळ्यांची दोन-तीन भोकं असतात. बायपासमध्ये पायातली शीर किंवा हातातली धमनी काढली असेल तर तिथे आणखी एक जखम असते, कधी घोट्यापासून मांडीपर्यंत. घरचे छातीकडे डोळ्यांत तेल घालून बघतात आणि पाय विसरतात. शीर काढलेल्या पायाची जखम चिघळणं ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही, विशेषतः मधुमेह, जास्त वजन किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांत.

दुसरी : संसर्ग दोन जातींचा असतो. वरवरचा, म्हणजे कातडी आणि तिच्याखालच्या चरबीपुरता. हा त्रासदायक असतो, पण वेळेत धरला तर ड्रेसिंग आणि औषधांनी आटोक्यात येतो. खोल संसर्ग छातीच्या हाडात आणि त्यामागच्या पोकळीत, हृदयाच्या आसपास, शिरतो. तो शंभरात एक-दोघांनाच होतो, पण झाला की पुन्हा ऑपरेशन, आठवडेच्या आठवडे दवाखाना आणि जिवाला कितीतरी पट जास्त धोका. त्यातून बरे झालेल्यांचंही पुढच्या काही वर्षांतलं आयुर्मान संसर्ग न झालेल्यांपेक्षा कमी आढळतं. म्हणून वरवरचा आहे की खोल, हे घरी बसून ठरवायचं नसतं.

टप्पा १ : ऑपरेशनची तारीख ठरल्यावर

तातडीचं ऑपरेशन असेल तर हा टप्पा हातात नसतो, तेव्हा थेट पुढे जा. तारीख तीन-चार आठवड्यांनंतरची असेल तर मात्र हा वेळ सोन्यासारखा आहे. तो ‘पेशंटने आराम करावा’ एवढ्यातच वाया जातो.

१. साखर. मधुमेह असो वा नसो, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) करून घ्या. पुष्कळांना आपल्याला मधुमेह आहे हे बायपासच्या तपासण्यांमध्येच कळतं. आकडा साडेसात-आठच्या वर असेल तर सर्जनला स्पष्ट विचारा : साखर आटोक्यात आणून मग ऑपरेशन करण्याइतकी सवड आहे का? निर्णय त्यांचा, पण प्रश्न तुम्ही विचारायचा. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढू शकत नाहीत आणि जखम भरायलाही वेळ लागतो. मधुमेहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने वाढवू किंवा बंद करू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आठवणीने सांगा.

२. तंबाखू. सिगरेट, विडी बंद, आणि निदान चार आठवडे आधी. आदल्या आठवड्यात सोडली तरी सोडलेली बरीच, पण जखमेला त्याचा पुरेसा फायदा मिळायला तो वेळ लागतो. धुराने रक्तवाहिन्या आकसतात. खोकला वाढतो तो वेगळाच, आणि नुकत्याच तारेने बांधलेल्या हाडाला खोकल्याचे हिसके नकोच असतात. चघळायच्या तंबाखूतही निकोटिन असतंच, तेव्हा ‘मी ओढत नाही, नुसती खातो’ या युक्तिवादात अर्थ नाही.

३. दात. वॉल्व्हचं ऑपरेशन असेल तर दंतवैद्याकडे जाणं अटळ समजा. किडलेली दाढ, पू झालेली हिरडी ऑपरेशनच्या आधी निस्तरली पाहिजे, कारण तोंडातले जंतू रक्तात उतरून नव्या वॉल्व्हवर घर करू शकतात.

४. कातडी. पेशंटला उजेडात उभं करून डोक्यापासून पायापर्यंत बघा. गळू, बोटांमधल्या चिखल्या, स्तनांखालचं किंवा जांघेतलं नायट्यासारखं लालसर पुरळ, नखाजवळची सूज, पायाचा जुना व्रण. हे पेशंट स्वतःहून सांगत नाही, कारण त्याच्या मते हृदयाच्या ऑपरेशनशी चिखल्यांचा काय संबंध? संबंध आहे. शीर त्याच पायातून काढणार असतात. लघवीला जळजळ, कफ पिवळा, ताप, यातलं काहीही असेल तर आधी कळवा.

५. नाकातले जंतू. साधारण दर चार माणसांत एकाच्या नाकात ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जंतू एरवी काही त्रास न देता राहत असतो. हार्ट सर्जरीनंतरच्या संसर्गातला हाच एक मुख्य गुन्हेगार, आणि पुष्कळदा तो पेशंटच्याच अंगावरून जखमेत पोचलेला असतो. नाकातला स्वॅब तपासून तो सापडला तर म्युपिरोसिनचं मलम दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून दोनदा, पाच दिवस लावायला देतात. ही तपासणी सगळीकडे आपोआप होतेच असं नाही, म्हणून विचारून घ्या. मलम दिलं तर दोन दिवसांनी सोडून देऊ नका.

६. खाणं. वजन झपाट्याने उतरलं असेल किंवा रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर प्रथिनं वाढवावी लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन पावडरचा डबा उघडू नये. लठ्ठ माणसाने मात्र या महिन्यात उपासमार करून वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये, कुपोषित शरीराची जखम आणखी वाईट भरते.

तपासा : एका कागदावर सगळी औषधं (स्टेरॉइड आणि रक्त पातळ करणारी ठळक), औषधांच्या ॲलर्जी, आत्ताचं वजन, आणि पूर्वी कधी ‘एमआरएसए’ (नेहमीच्या अँटिबायोटिक्सना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) किंवा दुसरा चिवट जंतू सापडला होता का, एवढं लिहिलेलं आहे का? पेनिसिलिनची ॲलर्जी ‘आहे’ एवढंच लिहू नका. काय झालं होतं ते लिहा. मळमळ झाली होती आणि घसा सुजून श्वास अडकला होता, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्यावर कोणतं अँटिबायोटिक द्यायचं ते ठरतं.

टप्पा २ : आदली रात्र आणि ती सकाळ

आदल्या रात्री अंघोळ, सकाळी पुन्हा अंघोळ. क्लोरहेक्सिडिनचं जंतुनाशक द्रावण दिलं असेल तर मानेच्या खाली सगळीकडे लावा. बेंबी, काखा, स्तनांखालची घडी, जांघा, बोटांच्या बेचक्या या जागा घाईत राहून जातात. द्रावण डोळ्यांत किंवा कानांच्या आत जाऊ देऊ नका. द्रावण दिलं नसेल तर साधा साबण पुरतो. अंग धुतलेल्या पंचाने पुसा, कपडे आणि चादर धुतलेली वापरा, आणि त्यानंतर अंगाला तेल, पावडर, क्रीम, सेंट काही नको. नखं कापा, नेलपॉलिश काढा.

सावध : छातीचे किंवा पायाचे केस घरी ब्लेडने काढू नका. ही चूक चांगल्या हेतूने, अगदी निगुतीने केली जाते. ब्लेडने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. केस काढायची गरज असेलच तर दवाखान्यात, ऑपरेशनच्या थोडं आधी, क्लिपरने काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ब्लेडने केस काढायला ठाम नकार आहे. वॅक्सिंग आणि केस काढायची क्रीमही आदल्या दिवशी नको.

टप्पा ३ : ऑपरेशन थिएटर

इथे घरच्यांचं काम थोडंच. संसर्ग टाळण्यासाठीचं अँटिबायोटिक छेद देण्यापूर्वी रक्तात पोचलेलं असावं लागतं. सेफाझोलिन छेदाच्या आधीच्या तासाभरात देतात. व्हॅन्कोमायसिन सावकाश सोडावं लागतं म्हणून दोन तासांपर्यंत आधी सुरू होतं. ऑपरेशन लांबलं तर सेफाझोलिनचा पुढचा डोस चार तासांनी. डोस वजनावर अवलंबून असतो, म्हणून कागदावर खरं वजन हवं, अंदाजे नाही.

एक गैरसमज इथेच निस्तरतो. “डॉक्टर, अँटिबायोटिक दोन दिवसांतच बंद केलं, अजून आठवडाभर चालू ठेवा ना!” हे वाक्य वॉर्डात सतत कानावर येतं. संसर्ग नसताना हार्ट सर्जरीनंतर प्रतिबंधासाठीचं अँटिबायोटिक २४ ते ४८ तासांत थांबवणंच बरोबर असतं. पुढे चालू ठेवल्याने जखम जास्त सुरक्षित होत नाही; जुलाब लागतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे पोसले जातात.

टप्पा ४ : वॉर्डातले दिवस

पहिले ४८ तास छातीवरचं ड्रेसिंग हलवायचं नाही. ते रक्ताने भिजलं, सुटलं किंवा ओलं झालं तर सिस्टरना सांगा. कोपरा उचलून आत डोकावू नका.

हात धुण्याबद्दल सगळ्यांना माहिती असते, करतात थोडे. पेशंटला भेटणाऱ्याने आत शिरताना आणि बाहेर पडताना हातांना सॅनिटायझर लावायचं. सर्दी, डोळे आलेत, बोटाला गळू झालंय, अशा माणसाने यायचंच नाही, मग तो कितीही जवळचा असो. पलंगावर बसायचं नाही. जखमेला हात लावायला येणाऱ्या कोणालाही, डॉक्टरांनाही, “हात धुतलेत ना?” असं विचारण्यात गैर काही नाही. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही.

ऑपरेशननंतरच्या दिवसांत साखर १८० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. एरवी गोळ्यांवर असलेल्यांनाही तेव्हा इन्सुलिन लागतं, मधुमेह नसलेल्यांनाही लागू शकतं. ‘एकदा इन्सुलिन सुरू झालं की कायमचं’ या भीतीने नकार देऊ नका. आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेलं गोडधोड परस्पर भरवू नका.

खोकताना छातीशी उशी किंवा घडी केलेला टॉवेल दोन्ही हातांनी घट्ट धरायला पेशंटला शिकवतात. ते इथेच नीट शिकून घ्या. दुखतं म्हणून खोकला दाबला तर छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. उशीशिवाय जोरात खोकला तर हाडाला हिसका बसतो.

लघवीची नळी, मानेतली सलाइनची नळी रोज गरजेची आहे का, हे राउंडला विचारा. नळी जितकी जास्त दिवस, तितकी जंतूंना आत यायला वाट.

टप्पा ५ : डिस्चार्जच्या दिवशी, दवाखाना सोडण्याआधी

बिल, फाइल, औषधं, गाडी, या धांदलीत जखम बघायची राहून जाते. मग घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी जी लाली दिसते ती पहिल्यापासून होती की नवी, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे निघण्याआधी हे एवढं करा.

१. सिस्टर किंवा डॉक्टरांसोबत सगळ्या जखमा उघड्या डोळ्यांनी बघा. छाती, ड्रेनची भोकं, पाय, हात.
२. प्रत्येक जखमेचा फोटो काढा. हाच तुमचा पहिला मापदंड.
३. विचारा : टाके विरघळणारे आहेत की काढायचे? काढायचे असतील तर कोणते, कधी आणि कुठे? ड्रेनचा टाका पुष्कळदा वेगळा असतो आणि विसरला जातो.
४. विचारा : अंघोळ कधीपासून, ड्रेसिंग ठेवायचं की काढायचं, पायात मोजा किती दिवस?
५. जखमेबद्दल शंका आली तर रात्रीही लागेल असा फोन नंबर लिहून घ्या.

तपासा : हे पाच मुद्दे झाले नसतील तर गाडीत बसू नका. दहा मिनिटं जातील, फार तर.

टप्पा ६ : घरी, रोज

हा लेखाचा गाभा. रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, एकाच माणसाने करायचं. तीन जण आळीपाळीने बघतात तेव्हा बदल कुणाच्याच लक्षात येत नाही. आणि पुढचा क्रम तोडू नका, त्याला कारण आहे.

आधी ताप मोजा, मग वेदनाशामक गोळी. बहुतेकांना पॅरासिटामॉल किंवा ते असलेली गोळी चालू असते, आणि ती ताप उतरवते. गोळीनंतर तासाने थर्मामीटर लावला तर आकडा छान येणारच. आकडा वहीत लिहा, शेजारी साखर आणि वजन. मधुमेहींनी विशेष लक्ष द्या : खाण्यात फरक नाही, औषध चुकलेलं नाही आणि तरी साखर दोन दिवस चढतेय, तर संसर्गाची ती पहिली खूण असू शकते. जखम लाल व्हायच्याही आधीची.

मग हात धुवा. साबणाने, वीस सेकंद, अंगठी काढून, आणि स्वच्छ कपड्याला पुसून.

मग नुसतं बघा, स्पर्श करू नका. खिडकीजवळ, अंगावरचा कपडा पूर्ण बाजूला करून. छातीच्या जखमेचं खालचं टोक सगळ्यांत नीट बघायचं. तिथे घाम साठतो, कातडी ओढली जाते, स्त्रियांमध्ये स्तनांचं वजन दोन्ही बाजूंना ताण देतं, आणि जखम उघडायला लागली तर पुष्कळदा तिथूनच लागते. मोठे स्तन असतील तर आधार देणारी, पुढून हूक असलेली, मऊ ब्रा दिवसरात्र वापरण्याने ताण बराच कमी होतो. वापरायची कधीपासून ते सर्जनना विचारा. संकोचापायी हा विषय निघतच नाही, तो काढा. स्तनांखालच्या घडीत ओल राहत असेल तर मऊ, कोरडं सुती कापड घडीत ठेवा आणि ते रोज बदला.

पायाची जखम बघताना गुडघ्याजवळचा आणि जांघेजवळचा भाग चुकवू नका. पेशंटला उभं करून मागची बाजूही बघा.

मग फोटो. तीच जागा, तोच उजेड, तेवढंच अंतर. डोळा रोजच्या रोज बघून सरावतो. आजचा आणि चार दिवसांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की फरक कळतो. लालीची कड वाढतेय अशी शंका असेल तर लालीच्या बाहेर, धड कातडीवर, पेनने बारीक रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली का ते बघा.

मग पेशंटला एकच प्रश्न : “कूस बदलताना, खोकताना छातीत काही कटकट वाजतं का, हाड सरकल्यासारखं वाटतं का?” दाबून बघायचं नाही. छातीचं हाड स्टेनलेस स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं आणि ते पक्कं जुळायला दोन-तीन महिने लागतात. सैल झालेलं हाड आणि खोल संसर्ग ही जोडगोळी आहे. कधी हाड आधी सैल होतं आणि जंतू आत शिरतात, कधी उलटं. बाहेरून जखम कोरडी, गुलाबी, सुरेख दिसत असताना आत ही कटकट चालू असू शकते, आणि घरचे म्हणतात, “जखम तर छान भरलीय!”

शेवटी अंघोळ. बंद, कोरड्या जखमेवरून साधारण ४८ तासांनंतर पाणी गेलं तर बिघडत नाही, पण परवानगी सर्जनची घ्या. खुर्चीवर बसवून, कोमट पाण्याची हलकी धार, पाठीवरून सोडलेली. साबणाचा फेस जखमेवरून ओघळू द्या, घासू नका. टब आणि पोहणं जखम पूर्ण भरेपर्यंत बंद. पंचा वेगळा ठेवा, तो रोज धुतलेला हवा. टिपून कोरडं करा. कपडा चढवण्याआधी पाच मिनिटं वारा लागू द्या.

ड्रेसिंग बदलायला सांगितलं असेल तर चिकटपट्टी वर खेचू नका. एका हाताने कातडी धरून ठेवा आणि पट्टी कातडीला समांतर, मागे दुमडत सोडवा. गॉझ चिकटला असेल तर सलाइनने ओला करून मिनिटभर थांबा. काढलेला गॉझ टाकण्याआधी त्यावरचा डाग बघा : रंग, वास, आणि कालच्यापेक्षा मोठा की लहान. मग पुन्हा हात धुवा आणि त्यानंतरच नवीन पाकीट फोडा. जुनं काढलेल्या हातांनीच नवीन लावणं ही रोजची चूक आहे. पाय आणि छाती दोन्हीचं ड्रेसिंग असेल तर कोरडी जखम आधी, पाझरणारी नंतर.

सावध : जखमेवर तेल, हळद, पावडर, खोबरेल, राख, अँटिबायोटिक पावडर, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, काहीही नाही. स्पिरिट झोंबतं म्हणजे काम करतं असा समज आहे. ते नव्या पेशीही जाळतं. खपली काढायची नाही. कुठे ओलं दिसलं तर दाबून पू काढायचा प्रयत्न करायचा नाही.

टप्पा ७ : हालचाल

आराम म्हणजे अंथरुणात पडून राहणं नव्हे. चालणं पहिल्या दिवसापासून हवं, त्याने रक्तपुरवठा सुधारतो. जपायचं ते हाडाला, साधारण सहा ते आठ आठवडे, किंवा सर्जन सांगतील तितके दिवस.

दोन्ही कोपरं अंगालगत ठेवून केलेली बहुतेक कामं चालतात. हात अंगापासून लांब नेऊन जोर लावणं नको : जड दार ढकलणं, भरलेली बादली, नातवाला उचलणं, ओट्यावरच्या वरच्या फळीवरून डबा खाली घेणं. दोन-तीन किलोंपलीकडे उचलू नका. उठताना कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि मग कोपराच्या आधाराने बसते व्हा. मदत करणाऱ्याने काखेत हात घालून किंवा हाताला धरून ओढायचं नाही. पाठीमागे हात देऊन आधार द्यायचा. बद्धकोष्ठात कुंथणंही हाडावर ताण आणतं. वेदनाशामकांनी पोट जड होतं, तेव्हा वेळीच सांगून औषध घ्या.

शीर काढलेला पाय बसताना स्टुलावर, शक्यतो कमरेच्या पातळीला. सुजलेल्या पायाची जखम ताणली जाते, पाझरते आणि मग चिघळते. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास टीव्ही बघणं हे पायाची जखम बिघडवायचं हमखास साधन आहे.

टप्पा ८ : काय चालेल, कशाला फोन, कशाला धाव

काळजीचं नाही : कडांना बारीक गुलाबी रेघ, खाज, हलकी निळसर-काळी खूण, जखमेच्या वरच्या टोकाला छोटा उंचवटा. छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या, कारण बायपाससाठी तिथली आतली धमनी सोडवून घेतलेली असते. पायाच्या जखमेजवळ बधिरपणा. पहिल्या काही दिवसांत गॉझवर नखाएवढा फिकट डाग.

त्याच दिवशी फोन : लाली पसरतेय, भोवती गरम आणि कडक लागतंय, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढतंय, पिवळसर, गढूळ किंवा वास येणारा स्राव, टाक्यांमध्ये फट, १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त ताप, कारण नसताना चढणारी साखर.

लगेच दवाखाना : हाड कटकटतंय किंवा सरकतंय, जखमेतून पू किंवा एकदम भळकन आलेलं लालसर पाणी, थंडी वाजून ताप, धाप, छातीत नवीन दुखणं, गोंधळल्यासारखं बोलणं, रक्तदाब खाली. जखम उघडून आतलं दिसत असेल तर स्वच्छ, सलाइनने ओल्या केलेल्या गॉझने हलकेच झाकून निघा, आत काही भरू नका.

वयस्कर माणसांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत ताप येईलच असं नाही. जेवण सुटलंय, दिवसभर पडून आहेत, कालपर्यंत चालत होते आणि आज उठवत नाही, एवढंच दिसतं. त्याला अशक्तपणा म्हणून टॉनिक आणू नका.

टप्पा ९ : शंका आली की, या क्रमाने

पहिला फोन ज्यांनी ऑपरेशन केलं त्या टीमला. औषधाच्या दुकानात किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडून ‘पाच दिवसांचा कोर्स’ घेण्याची सवय या बाबतीत फार महागात पडते. अर्धवट अँटिबायोटिकने ताप उतरतो, वरची लाली फिकी पडते आणि आतला संसर्ग शांतपणे पुढे सरकतो. शिवाय नंतर कल्चर (नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायची तपासणी) केलं तर जंतू उगवत नाही, आणि डॉक्टरांना अंधारात तीर मारावा लागतो. वॉल्व्हच्या पेशंटला आणखी एक धोका असतो : रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांमध्ये कित्येक अँटिबायोटिक्समुळे आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) चढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो.

मग फोटो पाठवा, वहीतले आकडे सांगा. पण ‘फोटोवरून ठीक वाटतंय’ असं उत्तर आलं आणि कटकट किंवा ताप असेल, तर प्रत्यक्ष दाखवण्याचा आग्रह धरा. फोटोत हाड दिसत नाही.

तिथे गेल्यावर साधारण हे होतं. जखमेतून नमुना घेतात, ताप असेल तर रक्ताचं कल्चर, आणि त्यानंतर अँटिबायोटिक. पेशंट अत्यवस्थ असेल तर औषधासाठी थांबत नाहीत, पण नमुना घेऊनच सुरू करण्याचा प्रयत्न असतो. खोल संसर्गाची शंका असेल तर सीटी स्कॅन. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हाडामागे थोडं पाणी एरवीही दिसतं, म्हणून नुसत्या स्कॅनवर निकाल लागत नाही. लक्षणं आणि कल्चर दोन्ही धरून ठरवतात.

वरवरचा संसर्ग निघाला तर कधी दोन-चार टाके सोडून जखम मुद्दाम उघडी करतात. घरच्यांना हे बघवत नाही, पण पू आत कोंडण्यापेक्षा ते बरं. खोल निघाला तर पुन्हा थिएटरमध्ये नेऊन मेलेला भाग साफ करतात. काही वेळा स्पंज आणि हलक्या शोषणाचं व्हॅक मशीन लावतात. हाड पुन्हा तारेने बांधतात किंवा छातीचा स्नायू किंवा पोटातली चरबीची झालर सरकवून पोकळी भरतात. अँटिबायोटिक शिरेतून, साधारण चार ते सहा आठवडे. या काळात मध्येच ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी जाण्याचा हट्ट धरू नका. कल्चरच्या अंतिम रिपोर्टची प्रत मात्र नक्की मागून घ्या आणि फाइलमध्ये वर लावा. पुढे कधीही दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर सगळ्यांत आधी तोच कागद लागतो.

टप्पा १० : तीन महिने आणि त्यानंतर

वरवरच्या संसर्गासाठी ऑपरेशननंतर ३० दिवस आणि खोल संसर्गासाठी ९० दिवस, अशी नजर ठेवायची मुदत धरतात. रोजचा टप्पा ६ निदान सहा आठवडे करा, पुढे तीन महिन्यांपर्यंत आठवड्यातून दोनदा. महिन्या-दीड महिन्याने जखमेच्या रेषेवर एखादी पुळी येऊन फुटते, चार दिवसांनी बुजते आणि पुन्हा तिथेच येते, असं झालं तर ती पुळी नव्हे. खाली तारेपर्यंत गेलेली वाट असू शकते. मलम लावत बसू नका, सर्जनला दाखवा.

नवा वॉल्व्ह बसवलेल्यांसाठी मुदत संपत नाही. कधीही कारण न सापडणारा ताप आला तर अँटिबायोटिक घेण्याआधी रक्ताचं कल्चर, हे स्वतःच्या फॅमिली डॉक्टरांना आजच सांगून ठेवा. दात काढणं, रूट कॅनॉल, हिरड्यांची खोल सफाई अशा वेळी आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो, मोठ्या माणसाला सहसा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं. ‘मला कृत्रिम वॉल्व्ह आहे’ हे दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर सांगून उपयोग नाही. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.